भोग, श्रम आणि मांडीचा स्नायू

२०२१च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात आधी आमच्या अमरावतीत वर आली. मी त्यातच सापडले. ताप उतरला, थकवा मुक्कामाला राहिला. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, छातीचा फोटो, सगळं नॉर्मल. अकोल्याची नणंद फोनवर म्हणते, "काऊन वं वयनी, आजबी पडूनच हाये का? प्रारब्धाचा भोग असते बाप्पा, भोगूनच सरते."

तिचं मी हसण्यावारी नेत नाही. भोग म्हटलं की निदान दुखणं खरं ठरतं. "मनावर घ्या, उठा, फिरा" म्हणणारे सुशिक्षित तेवढंही देत नाहीत. दोष मात्र दोघंही माझ्याच खात्यावर मांडतात.

त्यात आमचा मुलूख श्रमाला देव मानणारा. गाडगेबाबांचा खराटा, मोझरीच्या तुकडोजी महाराजांचं श्रमदान, यावरच आम्ही वाढलो. आणि मी अंगण झाडलं की दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळते. हा आळस असता तर झाडतानाच आला असता, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला नसता! ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी कोरोनानंतर अशाच थकलेल्या २५ जणांना सायकल चालवायला लावली. त्याआधी आणि दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. श्रमानंतर पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा आणखी मंदावली होती, स्नायूला इजाही वाढली होती. हे २०२४ साली छापून आलं. असा पुरावा नसताना काय म्हटलं गेलं, तेही बघा. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १९५५मध्ये सुमारे तीनशे कर्मचारी अशाच गूढ आजाराने पडले होते. १९७०मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला हिस्टेरिया ठरवलं; आजाऱ्यांत बायका जास्त, हाही त्यांचा एक पुरावा!

आता स्नायूनं साक्ष दिली म्हणून भोगाचा प्रश्न मिटला का? मला नाही वाटत. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेननं १८७३मध्ये दाखवला. तरी रोग्यांना पापी म्हणून घराबाहेर काढणं थांबलं नाही, आणि १९४६मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना इथंच, अमरावतीत, कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारावं लागलं. जंतू सापडून सत्तर वर्षं उलटली होती. त्यांनी रोग्याला आत घेताना मागल्या जन्माचा हिशेब मागितला नाही.

म्हणून संशोधन मला औषधासाठी हवं आहे, निर्दोष सुटण्यासाठी नको. आजार कसा होतो, ते पेशी सांगेल. मलाच का, याचं उत्तर नणंदेकडे तयार आहे. मी ती जागा रिकामी ठेवते. माझा देवावर विश्वास आहे, पण धडधाकट अंगाचीच सेवा गोड मानणारा देव मला फार लहान वाटतो. खराटा हाती घेणाऱ्या गाडगेबाबांनी धर्मशाळाही बांधल्या, थकलेल्यांनी टेकावं म्हणून. श्रमावरच्या भाषणांत नेमकं तेवढंच राहून जातं.