बोटांचा हिशेब

तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाडोंगरी लागते. पुढे थोडं गेलं की महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश सुरू होतो. या गावात दोघा भावांचं एक दुकान होतं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, लग्नपत्रिकेचा मजकूर, जे जे कागदावर उतरवायचं ते सगळं तिथे होई. थोरला गल्ला आणि झेरॉक्स मशीन सांभाळे. एका संगणकावर धाकटा बसे, दुसऱ्यावर वहिनी.

वहिनी तुमसरची. लग्नाआधी तिने तिथल्या टायपिंग क्लासमध्ये मराठीची सरकारी परीक्षा दिली होती, मिनिटाला ३० शब्दांची. टाइप करताना ती बोटांकडे बघत नसे. समोर बसलेल्या माणसाशी ‘पासबुक आणलं का, काका?’ असं बोलता बोलता तिचे हात चालू असत. धाकटा नागपूरला दोन वर्षं राहून आलेला. संगणकातलं त्याला सगळं कळे. बिघडलेला प्रिंटर तो डोळे मिटून दुरुस्त करी. टायपिंग मात्र दोन तर्जन्यांनी चाले, पाण्यात मासा दिसल्यावर बगळ्याने चोच मारावी तसं.

एका वर्षी उन्हाळ्यात दाखल्यांचं आणि प्रवेश अर्जांचं काम भरपूर झालं. गल्ल्यात चार पैसे शिल्लक पडले. थोरला म्हणाला, “दोघंही आपापल्या मशीनला काय पाहिजे ते घ्या.”

वहिनी म्हणाली, “माझं चालतंय. उगाच कशाला खर्च?”

तिचा कीबोर्ड ३५० रुपयांचा, तीन वर्षं जुना. ‘ए’, ‘एस’सकट बरीच अक्षरं पुसून गेली होती, पण तिला अक्षरं दिसायची गरजच नव्हती.

धाकट्याने मात्र मोबाइल काढला आणि रात्रभर शोधाशोध करून ६,५०० रुपयांचा कीबोर्ड आणि २,५०० रुपयांचा बिनतारी माउस मागवला. पार्सल आलं तेव्हा दुकानासमोर दहा-बारा पोरं जमली. प्रत्येक बटणाखाली दिवा होता. निळा, जांभळा, हिरवा, लाट आल्यासारखे रंग डावीकडून उजवीकडे धावत. कीबोर्ड आकाराने छोटा, टेबलावर पाटीएवढी जागा व्यापणारा. आजकाल असेच छोटे चालतात, असं धाकट्याने सगळ्यांना सांगितलं. माउसच्या डब्यावर १६,००० डीपीआय लिहिलेलं होतं. म्हणजे हात जरासा हलला तरी बाण पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला. पहिल्या दिवशी तो बाण तीनदा ‘रद्द करा’वर जाऊन बसला. शेवटी धाकट्याने तो वेग १,००० वर आणला. थोरल्याने झेरॉक्स मशीनमागून विचारलं, “मग उरलेले पंधरा हजार परत मिळतात का?”

पाऊस सरला आणि धान निसवला, तशी आधारभूत खरेदी केंद्रासाठी ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. व्यापारी पडेल त्या भावात मागत असताना हा भाव मिळवायचा तर नोंदणी हवीच. सकाळी आठपासून दुकानासमोर चपलांची रांग लागे. हातात सातबारा, आधार, पासबुक, तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले.

आता नोंदणीच्या अर्जात असतं काय? नाव, गाव सोडलं तर सगळे आकडे. आधारचे बारा, मोबाइलचे दहा, बँक खात्याचे अकरा ते सोळा, गट क्रमांक, खाते क्रमांक, हेक्टर, आर. हे काम कीबोर्डच्या उजव्या अंगाला जो आकड्यांचा चौकोन असतो, त्या नंबरपॅडवर होतं. उजव्या हाताची तीन बोटं तिथे टेकवली की मान वर न करता आकडे पडत जातात.

धाकट्याच्या कीबोर्डला नंबरपॅडच नव्हता. जागा वाचवायला कंपनीने तोच भाग कापला होता. त्याला प्रत्येक आकडा वरच्या ओळीतून एकेक करून शोधावा लागे. त्यात मराठी तो इंग्रजी अक्षरांतून टाइप करी, त्यामुळे गावाचं नाव कधी ‘नकाडोंगरी’ होई तर कधी ‘नाकदोंगरी’. पुसा आणि पुन्हा लिहा. वहिनीचे तीन शेतकरी उठून जात तेव्हा याचा एक होई. रांगेतली माणसं सुरुवातीला दिव्यांच्या कौतुकाने त्याच्यापुढे बसत. चार दिवसांनी तीच माणसं वहिनीच्या रांगेत शेवटी उभी राहू लागली.

अशाच गर्दीत एक दिवस माउस बंद पडला. सेल उतरला होता. हा पेन्सिल सेल, आणि जवळच्या किराणा दुकानात होते ते टॉर्चचे मोठे. गंमत अशी की शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत मॉइल कंपनी जे मॅंगनीज डायऑक्साइड काढते, ते सुक्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांनाच जातं. सेलच्या पोटातला माल गावाशेजारून ट्रक भरभरून जात होता आणि धाकटा एका सेलसाठी गाव पालथं घालत होता. तेवढा वेळ रांग उभीच होती.

इथवर ऐकून वाटेल की कथा संपली. स्वस्त जिंकलं, महाग हरलं, घरी जा. गावातही तेच बोललं जाऊ लागलं. वहिनीलाही तसंच वाटत होतं, आणि तिथेच ती फसली.

त्या आठवड्यात तिचे टायपिंगचे जुने सर दुकानात आले. त्यांची दोन एकर धानाची शेती होती, तिची नोंदणी करायची होती. सर पूर्वी तहसील कचेरीबाहेर झाडाखाली गोदरेजचं टाइपरायटर घेऊन बसत, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत. पुढे क्लास काढला. शिष्या पटापट आकडे घालताना बघून त्यांना बरं वाटलं. पावती छापून हातात आली तशी त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि एकेक आकड्यावर नख ठेवत वाचायला सुरुवात केली. बाकीचे लोक पावती घडी करून खिशात घालत. सरांचा पिंड टायपिस्टचा.

“बाई, माझा गट १५५ आहे. इथे १५५५ झाला.”

वहिनीने पाहिलं. खरंच. तिने नंबरपॅडवरचं पाचचं बटण दाबून दाखवलं. एकदा दाबलं, एक पाच आला. पुन्हा दाबलं, दोन आले. तिसऱ्या वेळी आलाच नाही. बटण खाली गेलं की वर यायला आळस करत होतं. खालचं रबर थकलं होतं, आणि त्यात धूळ आणि चहाचं एक जुनं सांडणं.

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून असेल. मी जोरात दाबून चालवून घेते.”

सर काही बोलले नाहीत. त्यांनी आदल्या दिवसांच्या छापलेल्या पावत्यांच्या प्रती मागितल्या आणि तिथेच बाकावर बसून वाचल्या. ज्या ज्या क्रमांकात पाच होता, त्यातले काही चुकलेले निघाले. केंद्रावर सातबारा आणि नोंदणी जुळली नाही की शेतकऱ्याचा धान भरलेला ट्रॅक्टर गेटवरून परत. चाळीस क्विंटलचा माणूस म्हणजे ९४,७६० रुपये अडकले. वहिनीने संध्याकाळपर्यंत बसून एकेकाला फोन केले आणि दुरुस्त्या घातल्या. थोरल्याने त्या दिवशी दुरुस्तीचे पैसे कोणाकडून घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिघंही सरांना घेऊन तुमसरला गेले. संगणकाच्या दुकानातल्या पोराने लगेच एक जाड कीबोर्ड पुढे केला, टीव्हीएस गोल्ड. नंबरपॅडसकट, तारेचा, किंमत तीन हजारांच्या आत. दिवे कॅप्स लॉकचे वगैरे, बाकी काही नाही. कोर्टात, बँकेत, छपाईवाल्यांकडे हाच दिसतो. “एकेक बटण पाच कोटी वेळा चालतं,” पोरगा म्हणाला. “रबरवालं पन्नास लाख.”

“कागद दे,” सर म्हणाले.

त्यांनी हिशेब मांडला. एका अर्जाला ३०० वेळा बोट पडतं, दिवसाला ६० अर्ज. म्हणजे १८,०००. सगळ्यात राबणारं बटण धरलं तरी त्याच्या वाट्याला फार तर दहावा हिस्सा, १,८००. वर्षाचे ३०० दिवस. झाले ५ लाख ४० हजार.

“म्हणजे तुझं रबरवालंही नऊ वर्षं चालायला पाहिजे. हिचं तीन वर्षांत गेलं. दाबून नाही गेलं, धुळीने आणि चहाने गेलं. पाच कोटीचं मला सांगू नको गा.”

पोरगा गप्प बसला. धाकट्याला वाटलं, आता सर स्वस्तातलाच घ्यायला सांगणार. सरांनी वहिनीला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही कीबोर्डवर दहा-दहा मिनिटं टाइप करायला लावलं.

रबराच्या बटणाला तळापर्यंत दाबावं लागतं, तेव्हा अक्षर उमटतं. या दुसऱ्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्विच. साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटतं आणि ‘टक्’ असा आवाज येतो. बोटाला कळतं की झालं, आता पुढे चला. बटणाची टोपी काढून आतली धूळ झटकता येते. एरवी मनगट चोळणाऱ्या वहिनीचं दहा मिनिटांनी ते चोळायचं राहिलं, हे तिच्याही लक्षात आलं नाही. सरांच्या आलं.

मग त्यांनी धाकट्याचा कीबोर्ड मागितला. तो त्याने पिशवीतून आणलाच होता. सरांनी चार बटणं दाबून बघितली. “स्विच यातही चांगले आहेत, खोटं कशाला बोलू? हातात रात्रभर खेळ खेळणारा पोरगा असता तर सोनं आहे. तुझ्या दोन बोटांना याचा काय उपयोग?”

“मग महाग घ्यायचं की नाही?” थोरल्याने कंटाळून विचारलं.

सर म्हणाले, “दुकानातला भाव निम्माच असतो. बाकीचा निम्मा घरी ठरतो, त्या वस्तूवर कोणाचा हात रोज किती वेळ पडतो आणि काय काम करतो त्यावर. ही दिवसाचे आठ तास बोटं आपटते, हिला तीन हजार स्वस्त. तुला साडेसहा हजार महाग. आणि मोडकं घेऊन बसणं सगळ्यात महाग, त्याचा भाव तर दुसऱ्याने भरावा लागतो.”

माउसबद्दल त्यांचं मत त्याहून थोडक्यात होतं. अर्ज भरायला तारेचा, हातात मावेल असा, चाक न अडखळणारा घ्या. चारशेत मिळतो. फोटो कापणं, पत्रिका मांडणं असं बारीक काम दिवसभर करणारा कोणी आला तर तेव्हा बघू.

वहिनीसाठी तो जाड कीबोर्ड घेऊन परत आल्यावर तिने सहज सांगितलं, “हात बरा आहे, पण खांदा दुखतोच.” सरांनी टेबलाकडे पाहिलं. ते टेबल मुळात किराणा दुकानातलं, उभ्याने वजन करायच्या उंचीचं. त्यावर कुठलाही कीबोर्ड ठेवला तरी खांदे कानाजवळ जाणार. गावातल्या सुताराने सागाच्या एका उरल्या फळीची सरकती पाटी टेबलाखाली बसवून दिली. संगणकाच्या धंद्यात सुताराचं काय काम, असं कोणाला वाटेल, तर डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेतून १९६४ मध्ये अमेरिकेत जो पहिला माउस तयार झाला, त्याचं खोकंही लाकडाचंच होतं. पाटी बसली आणि खांदा उतरला. त्या सगळ्या खर्चातली ती सर्वांत स्वस्त बाब ठरली, आणि तिची जाहिरात कोणी करत नाही.

धाकटा चार दिवस रुसला. मग त्याने तो लखलखता कीबोर्ड नागपूरच्या एका मित्राला ४,००० ला विकला. मित्राला खरंच खेळांचा नाद होता, तो खूश झाला. अडीच हजारांचा तोटा धाकट्याच्या नावावर वहीत लिहिला गेला. थोरला अशा बाबतीत भावालाही सोडत नसे.

आलेल्या पैशातून धाकट्याने चारशेचे तारेचे दोन माउस घेतले, स्वतःच्या मशीनला नंबरपॅड असलेला साधा नवा कीबोर्ड घेतला, आणि उरलेल्या रकमेतून सरांच्या क्लासची फी भरली. सरावाला नवा कीबोर्ड लागेल का, असं त्याने विचारलं. वहिनीने आपला जुना ३५० वाला पुसून त्याच्यापुढे ठेवला. मराठी शब्दांच्या सरावाला नंबरपॅडवरचं पाच लागत नाही, आणि अक्षरं पुसलेली असल्यामुळे त्याला बोटांकडे बघूनही काही उपयोग नव्हता.