खाटेजवळचे ज्ञान

परिचर्येतील संशोधन म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ रोज घडणाऱ्या कामाची पद्धतशीर तपासणी. औषध कोणते द्यायचे, शस्त्रक्रिया करायची की नाही, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे. रुग्णाची कूस किती वेळाने बदलावी, बोलू न शकणाऱ्याची वेदना कशी ओळखावी, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, घरी जाताना रुग्णाला काय शिकवावे, हे प्रश्न परिचर्येचे. त्यांची उत्तरे दीर्घकाळ रिवाजाने आणि ज्येष्ठ सिस्टरांच्या सांगण्यावरून दिली गेली. रिवाज बरोबर की चूक, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजलेले इतरांना पडताळता यावे, म्हणून ते छापावे लागते.

या कामाची सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी केली. नोव्हेंबर 1854 मध्ये त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले, हे त्यांनी 1858 च्या अहवालात रंगीत आकृत्यांतून दाखवले. मात्र त्यांच्यानंतर परिचारिकांच्या शिक्षणात शिस्त आणि आज्ञापालन यांनाच महत्त्व आले. प्रश्न विचारण्याची सवय मागे पडली. ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’ 1900 मध्ये निघाले, पण केवळ संशोधनाला वाहिलेले ‘नर्सिंग रिसर्च’ सुरू व्हायला 1952 साल उजाडले. विखुरलेले लेख शोधता यावेत यासाठी परिचर्या साहित्याची सूची 1961 मध्ये छापली गेली. आज ती ‘सिनाहल’ या नावाने संगणकावर उपलब्ध आहे.

संशोधनाने नेमके काय बदलते, हे शय्याव्रणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे माकडहाड, खुबा आणि टाच यांवर सतत दाब येतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे जखम होते. ती टाळण्यासाठी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावणे हा वॉर्डातला नित्यक्रम होता. इंग्लंडमध्ये जखमेवर अंड्याचा पांढरा बलक लावून वर प्राणवायू सोडण्याचीही पद्धत होती. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला आणि तो 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेला काय लावले यापेक्षा दाब वेळेवर हलका केला का, हे महत्त्वाचे ठरते, असे त्यातून पुढे आले.

याच अभ्यासातून नॉर्टन मापनश्रेणी तयार झाली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण द्यायचे. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली, तर रुग्णाला धोका आहे असे समजायचे. परिचारिकेच्या नजरेला जे जाणवत होते, त्याला आकडा मिळाला. तो पुढच्या ड्युटीवर येणाऱ्या सिस्टरला सांगता येऊ लागला. पुढे बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची सहा बाबींची श्रेणी आली. तिची चाचणी 1987 मध्ये ‘नर्सिंग रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाली.

दर दोन तासांनी कूस बदलावी हा नियम मात्र तसाच चालत राहिला. बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातील 27 शुश्रूषागृहांत 942 निवासींवर त्याची चाचणी घेतली. दोन, तीन की चार तास, हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवले गेले. निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले: तीन आठवड्यांत या तीन गटांतील व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पण हे सर्वजण दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर झोपत होते. ही अट शोधनिबंधात स्पष्ट लिहिलेली असल्यामुळेच साध्या कापसाच्या गादीवरच्या रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, हे वाचकाला कळते. छापील संशोधनाचे मोल अशा तपशिलात असते.

म्हणूनच शोधनिबंधाची चौकट ठरलेली आहे: प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. रुग्णांचा अभ्यास करण्याआधी नीतिमत्ता समितीची परवानगी आणि रुग्णाची माहितीपूर्वक संमती लागते. लेख आला की संपादक तो विषयाच्या जाणकारांकडे पाठवतात. बहुधा लेखकाचे नाव त्यांना कळू दिले जात नाही. त्यांच्या आक्षेपांना उत्तरे देऊन, दुरुस्त्या करून मगच लेख छापला जातो. अनेक अभ्यास जमले की त्यांचा एकत्रित आढावा घेतला जातो आणि त्यावर मार्गदर्शक सूचना बेततात.

या वाटेने धोरणही हलते. लिंडा एकेन यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये मांडला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी जास्त दिसली. युरोपातील नऊ देशांच्या 2014 च्या अभ्यासातही तेवढीच वाढ आढळली. असे निरीक्षण एकट्याने कार्यकारणभाव सिद्ध करत नाही; पण वेगवेगळ्या देशांत तोच कल दिसला की परिचारिकांची भरती हा केवळ खर्चाचा मुद्दा राहत नाही.

भारतात परिचारिकांच्या संघटनेची स्थापना 1908 ची, तर ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ 1910 चे. पदवी शिक्षण 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाले, पदव्युत्तर शिक्षण 1959 मध्ये दिल्लीत. पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवरची एकत्रित व्यवस्था 2006 मध्ये झाली. म्हणजे पायाभरणी झाली आहे. उणीव आहे ती प्रश्नांच्या निवडीत.

एम.एस्सी.चे असंख्य प्रबंध एकाच साच्यातले असतात. निवडक रुग्णालयातील किंवा शाळेतील 40-60 जण घ्यायचे, पूर्वचाचणी घ्यायची, आखीव शिक्षण कार्यक्रम राबवायचा, आठवड्याने उत्तरचाचणी घ्यायची आणि ज्ञान वाढल्याचे दाखवायचे. शिकवल्यावर गुण वाढणारच. त्या माणसाने घरी जाऊन हात धुतले का, इन्सुलिन नीट घेतले का, हे कोणी तपासत नाही. पदवी मिळाली की सोनेरी अक्षरांचा बांधीव प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. नोकरीत बढतीसाठी छापील लेख हवाच म्हटल्यावर पैसे घेऊन, न तपासता, चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिकेही उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये आपल्या यादीतून 4,305 नियतकालिके वगळली, यावरून या रोगाचा पसारा लक्षात येतो. परिचर्येत अशा लेखाची किंमत रुग्ण मोजतो, कारण चुकीचा निष्कर्ष थेट त्याच्या खाटेपर्यंत पोहोचू शकतो.

खाटेजवळचे ज्ञान इथे कमी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांची 1973 पासून 2015 पर्यंत सेवा केली. त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, असे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते. अशा सेवेत कौशल्याचे किती बारकावे असतील! मात्र नोंदले आणि तपासले गेले नाहीत, तर असे बारकावे त्या हातांबरोबर निवृत्त होतात. हे टाळण्यासाठी महाविद्यालयांनी प्रबंधाचे विषय वॉर्डातून घ्यावेत, रुग्णालयांनी काम करणाऱ्या परिचारिकांना संशोधनासाठी ड्युटीतला वेळ आणि नियतकालिके वाचण्याची सोय द्यावी, आणि बढती देणाऱ्यांनी लेखांची संख्या मोजण्याऐवजी ते लेख वाचावेत. एवढे झाले, तर परिचर्येतील संशोधन पदवीपुरते न उरता रुग्णाच्या कामी येईल.