क्षमेचा अधिकार कोणाचा?

यहुदी मेन्युहिन हे नाव आपल्या वाचकांना बहुधा पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य म्हणून परिचित असेल. त्या दोघांची भेट १९५२ साली मुंबईत झाली. आम्हांस विचारात पाडते ती मात्र त्यापूर्वीची, १९४७ च्या सप्टेंबरातील बर्लिनची मैफल. बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे सभागृह बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालेले, म्हणून ती एका चित्रपटगृहात झाली. बीथोव्हेनचा व्हायोलिन कंचेर्टो वाजविणारे मेन्युहिन ज्यू. दोनच वर्षांपूर्वी बेल्सेनच्या छळछावणीतून वाचलेल्यांपुढे वाजवून आलेले. संचालक होते विल्हेल्म फुर्टवेंगलर. नाझी राजवटीत ते देशातच राहिले, हिटलरच्या वाढदिवसाच्या समारंभातही त्यांनी वाद्यवृंद चालविला. आणि तरीही काही ज्यू वादकांना त्यांनी वाचविले होते.

चौकशी मंडळाने त्यांना दोषमुक्त ठरविले होते. सरकारी सेवेत आम्ही चौकशीचे अहवाल पुष्कळ हाताळले. 'दोषमुक्त' या शेऱ्याने फाईल बंद होते. ज्याचे नुकसान झाले त्याचे मन त्या फाईलीत नसतेच.

मेन्युहिन यांनी क्षमा केली, असे सर्रास म्हटले जाते. ती त्यांची होती काय? ते न्यूयॉर्कला जन्मले, अमेरिकेत वाढले. छावणी त्यांनी भोगली नव्हती. दुसऱ्याचे देणे आपण परस्पर माफ करू शकत नाही. आमच्या मते त्यांनी क्षमा केलीच नाही, सहवादन केले, आणि ही गोष्ट निराळी आहे. त्या कंचेर्टोत एकल वादकाला आरंभी सुमारे तीन मिनिटे व्हायोलिन हाती धरून वाद्यवृंद ऐकत उभे राहावे लागते. समोरच्याचे आधी ऐकून घेण्यास निर्दोषत्वाचा दाखला लागत नाही.

बर्लिनच्या निर्वासित छावणीतील ज्यूंसाठी त्यांनी वेगळा कार्यक्रम ठेवला, तेव्हा सभागृह जवळजवळ ओस पडले. ते छावणीत गेले आणि त्या संतप्त लोकांसमोर उभे राहून बोलले. त्या मैफलीपेक्षा हे आम्हांस अधिक धैर्याचे वाटते.

पुढे शिकागोच्या वाद्यवृंदाने फुर्टवेंगलर यांना पाहुणे संचालक म्हणून बोलाविण्याचे ठरविले. रुबिनस्टाइन, होरोविट्झ आदी वादकांनी विरोध केला आणि १९४९ च्या आरंभी तो बेत बारगळला. मेन्युहिन यांनी या बहिष्काराचा जाहीर निषेध केला. येथे मात्र आमचे मन रुबिनस्टाइन यांच्याकडे झुकते. पोलंडमधील त्यांचे कित्येक आप्त मारले गेले होते. त्यांना मनाच्या मोठेपणाचे धडे कोणी द्यावेत?