नऊ इंच, वीस ज्यूल आणि आपण

‘लायसन्स लागत नाही.’ एअरगनच्या ऑनलाइन जाहिरातींत हे वाक्य हमखास दिसतं. आणि ते खोटं नसतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअरगनचा बोअर .१७७ इंचाच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या पुढे नसेल आणि छऱ्याची ऊर्जा वीस ज्यूलच्या पुढे नसेल, तर परवाना लागत नाही. मग बाजार काय करणार? त्या रेषेच्या आत बसणारा माल बनवणार. घेणाऱ्यांत कुणी नेमबाजी शिकणारा असतो, कुणी माकडं हाकलणारा शेतकरी, आणि कुणाला नुसती हातात बंदूक हवी असते.

प्रश्न साधा आहे. कायद्याच्या मापात मुद्दाम बेतून बसवलेली वस्तू म्हणजे कायद्याचं पालन, की कायद्याला दिलेली हुलकावणी?

अमेरिकेत या प्रश्नावर अख्खी बाजारपेठ उभी आहे. कॅलिफोर्निया राज्याने ठरावीक वैशिष्ट्यं असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी घातली. त्यातलं एक कलम काढता येणाऱ्या मॅगझिनबद्दल होतं. मॅगझिन काढायला अवजार लागत असेल तर ते ‘काढता येणारं’ धरलं जात नव्हतं, आणि नियमात गोळीच्या टोकालाही अवजार मानलं होतं. उत्पादकांनी गोळीच्या टोकाने दाबता येईल असं बटण बसवलं. मॅगझिन पूर्वीसारखंच झटकन निघायचं, कागदावर मात्र ती रायफल बंदीतून सुटायची. २०१६ मध्ये कायदा बदलून ही वाट बंद केली. मग मूठ वेगळ्या आकाराची केलेल्या, बंदीच्या यादीतलं एकही वैशिष्ट्य नसलेल्या रायफली खपू लागल्या.

हे वाचून ‘अमेरिकेचं काय सांगता’ असं म्हणायच्या आधी आपल्याकडचं बघू. ब्रिटिशांच्या काळात लष्कराची रायफल होती थ्री-नॉट-थ्री. त्या काडतुसाची रायफल सर्वसामान्य माणसाला बाळगता येत नव्हती. मग खाजगी वापरासाठी .३१५ बोअरची रायफल आली. स्वातंत्र्यानंतर ती आपल्याच इशापूरच्या कारखान्यात बनू लागली, आणि आजही ‘तीनशे पंधरा’ हे आपल्याकडच्या परवानाधारकांच्या ओळखीचं नाव आहे. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा विलायती बंदूकवाल्यांनी शिकाऱ्यांसाठी .४७० सारखी नवी काडतुसं काढली.

गंमत अशी की .३१५ चा आकडा .३०३ पेक्षा मोठा आहे. मग बंदीला अर्थ काय राहिला? राहिला. हेतू असा होता की लष्करातून चोरलेलं काडतूस बाहेरच्या बंदुकीत चालू नये. बोअर बदलला की तो हेतू साधला. इथे बाजाराने अक्षर पाळलं आणि अर्थही पाळला. कॅलिफोर्नियात अक्षर पाळलं गेलं, पण मॅगझिन पटकन बदलता येऊ नये हा अर्थ त्या बटणाने खाऊन टाकला. म्हणजे मापात बसवलेली प्रत्येक वस्तू पळवाट नसते. माप कशासाठी होतं, ते विचारल्याशिवाय फरक कळत नाही.

इथपर्यंत आलं की उत्तर सोपं वाटतं: अक्षर सोडा, हेतू बघा. पण हेतू बघणार कोण?

यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या उसाच्या फडात यावं लागेल. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. त्याच ओळीत अपवाद आहे: घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. या चार शब्दांच्या आडोशाला ऊसतोडीचा कोयता आहे. हंगाम लागला की पाथर्डी-शेवगावकडची आणि शेजारच्या बीडची जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्याच्या हिशोबाने. अवजार माणसाला इतकं चिकटलंय की माणसाची गणती अवजाराच्या नावाने होते.

तोच कोयता २०२२-२३ मध्ये पुण्यात ‘कोयता गँग’ म्हणून बातम्यांत आला. पोरं कोयते नाचवत गाड्या फोडत होती. तलवार बाळगली तर लगेच डोळ्यावर येते. कोयता मात्र बाजारात सहज मिळतो. तेव्हा कोयता विकताना गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून घ्या, असं विक्रेत्यांना सांगण्यात आलं. हल्ला केला की गुन्हा आहेच, त्याबद्दल वाद नाही. अडचण आहे ती हल्ल्याच्या आधीच्या क्षणाची. स्टँडवर कोयता घेऊन उभा असलेला माणूस फडावर निघालाय की कुणाच्या अंगावर, हे पोलिसाने कशावरून ठरवायचं? कपड्यांवरून? आडनावावरून? वस्तीवरून?

असं ठरवणारा कायदा या मातीने पाहिलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कृत्य बघितलं नाही, माप बघितलं नाही, जन्म बघितला. अख्ख्या जमातींचा ‘हेतू’ सरकारने आधीच वाचून टाकला. १९५२ मध्ये त्या जमाती विमुक्त झाल्या, पण कुठे चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, ही सवय आपल्या जिल्ह्यातही अनेकांनी पाहिली आहे. ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याच्यासाठी नऊ इंचांचं माप आणि ‘शेतीच्या कामासाठी’ हे शब्द कोरडी तांत्रिकता नाही. ते त्याचं कवच आहे. तो बोट ठेवून म्हणू शकतो, साहेब, इथे लिहिलंय.

म्हणून मला वाटतं, अक्षर आणि अर्थ यांची वाटणी करायला हवी. सरकारने आपल्याला अक्षराने तपासावं. आपण स्वतःला अर्थाने तपासावं. गडबड होते ती ही वाटणी उलटी झाली की. सरकार माणसाच्या मनात डोकावून संशय घेऊ लागतं, आणि माणूस स्वतःच्या मनात न डोकावता ‘नियमात बसतंय ना?’ एवढंच विचारतो.

हा दुसरा प्रश्न आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज ऐकू येतो. कायदा म्हणतो, वापरणाऱ्याची संमती घ्या. मग ‘सगळं मान्य’चं बटण मोठं आणि रंगीत होतं, आणि ‘नको’ तीन स्क्रीन आत जाऊन बसतं. संमती घेतली, टिक झाली. कॅलिफोर्नियातलं ते बटण आणि तुमच्या मोबाइलवरचं हे बटण एकाच विचारातून निघालंय.

आता एअरगनकडे परत येऊ. जिल्ह्यातल्या उसात बिबट्या आहे. रात्रीच्या लाइटवर पाणी भरायला जाणाऱ्या माणसाची भीती खरी आहे, आणि शहरात बसून तिला हसण्यात अर्थ नाही. त्याला कुणी ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून एअरगन विकली, तर विक्री कायदेशीर आहे. पण त्या छऱ्याने बिबट्या अडत नाही. फार तर जखमी होतो आणि जखमी बिबट्या जास्त वाईट. ससा, मोर यांच्यावर ती चालवली तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ज्यूल मोजत बसत नाही. विकणाऱ्याने परवान्याचं खरं सांगितलं. ही वस्तू तुझ्या भीतीवर उपाय नाही, हे त्याने सांगितलं नाही. ते सांगायला त्याला कुठलंच कलम भाग पाडत नाही, आणि म्हणूनच ते सांगणं ही त्याची स्वतःची जबाबदारी होते.

असं कुणी करतं का? अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली. पक्षी आणि छोटी जनावरं संपत चालली होती. लोकांनी दोन हजारांहून जास्त बंदुका स्वतःहून आणून दिल्या. घरात एअरगन ठेवणं हा गुन्हा नव्हता. पोलीस दारात आले नव्हते. नियमात बसत असूनही त्यांनी ती दिली, कारण जंगल गप्प होत चाललंय हे त्यांना ऐकू येत होतं.

वीस ज्यूलच्या आत काय काय बसतं, हे बाजार आपल्याला सांगत राहील, आणि ते सांगण्याचा त्याला हक्क आहे. त्यातलं काय घरात आणायचं, हे मात्र कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं.