फुलांच्या खालचे गंध

आज सकाळी मनगटाला मिट्टी लावली. हे कन्नौजच्या एका अत्तराचं नाव आहे आणि नावात आहे तेच बाटलीतही आहे: माती. आंघोळीनंतर अंग जरा कोमट असतं, तेव्हा तेलाचं अत्तर चांगलं धरतं. काचेची काडी मनगटावर टेकवायची, चोळायचं नाही, आणि आपल्या कामाला लागायचं. चहा गाळून होईपर्यंत वास वर येतो. आधी येतो तो कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावरचा. मग तो आत ओढला जातो, गार होतो, आणि त्याच्या मागून सावकाश चंदन पुढे येतं. तासाभराने माती आणि चंदन वेगळं करता येत नाही.

आपल्याकडे अंगावर यायचा मान फुलांचा. हळदीकुंकवाला हाताच्या मागच्या बाजूला लावतात ते अत्तर बहुतेक गुलाबाचं नाहीतर मोगऱ्याचं, लग्नात शिंपडतात तेही गुलाबपाणीच. मोगऱ्यावर माझाही जीव आहे. पण गेली काही वर्षं ओढ लागली आहे ती फुलांच्या खाली जे असतं त्याची. माती, मुळं, साल, कातळावर वाढणारं दगडफूल, भाजलेला शंख, आजारी पडलेलं लाकूड. यांचं अत्तर होऊ शकतं हेच आधी विचित्र वाटतं. ते अंगावर वागवायचं म्हणजे तर आणखीच. आणि तरी ही अत्तरं लावायला लागल्यापासून माझं नाक नव्याने जागं झालं आहे.

कन्नौज हे उत्तर प्रदेशातलं गंगेकाठचं गाव. तिथे पावसाळ्याआधीच्या कडक उन्हात मातीच्या चकत्या करतात, त्या भट्टीत भाजतात आणि तांब्याच्या मोठ्या डेगेत पाण्याबरोबर घालतात. झाकण माती आणि कापसाने लिंपून बंद केलं जातं. खाली लाकडांचा, गोवऱ्यांचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, दुसऱ्या भांड्यात उतरते. त्याला भपका म्हणतात. तो पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ निवते, तिच्यातला गंध चंदन धरून ठेवतं, उरलेलं पाणी काढून टाकतात. आच किती ठेवायची, भपका कधी बदलायचा, हे कारागीर हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून आणि डेगेच्या आवाजावरून ठरवतो.

मातीत उतरवून घेण्यासारखं असतं तरी काय? 1964 साली इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याबद्दल लिहिलं. कोरड्या दिवसांत खडक आणि चिकणमाती तेलकट द्रव्यं शोषून घेतात आणि ओल लागली की ती मोकळी होतात, असं त्यांनी दाखवलं. त्याच लेखात त्यांनी कन्नौजकडच्या या मातीच्या अत्तराची नोंद केली आहे. प्रयोगशाळेला जे नव्याने सापडलं, ते इथले लोक आधीपासून कुपीत भरून विकत होते. लगेच पुढच्या वर्षी ओल्या मातीच्या वासातल्या जिओस्मिन या द्रव्याचं नाव पक्कं झालं. ते जमिनीतले सूक्ष्म जिवाणू तयार करतात आणि बीटरूटला जो मातकट वास असतो तोही त्याचाच. एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग एवढं जिओस्मिन असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. एवढी तीक्ष्ण दाद आपलं नाक फार थोड्या गोष्टींना देतं. सुगंधाचं मूळ फुलात आहे असं आपण धरून चालतो. नाक मात्र मातीच्या बाजूने उभं आहे.

मिट्टी लावून बाहेर पडलं की कोणी काही विचारत नाही. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते उडताना वास खोलीभर पसरवतं. तेल तसं करत नाही, त्वचेलगतच राहतं. दिवसातून चार वेळा मनगट नाकाशी नेलं तर ते आहे, नाहीतर नाही. वातानुकूलित खोलीत बैठक लांबलेली असताना हा भिजलेला वास फक्त आपल्यालाच येतो आहे, हे सुख मला फार मोठं वाटतं.

थंडीत मात्र शमामा. ज्यांनी हे अत्तर कधी हुंगलेलं नाही त्यांना त्याचं वर्णन करून सांगणं कठीण, कारण ते एका वस्तूचं नाहीच. कितीतरी मुळ्या, साली, मसाले आणि वनस्पती डेगेत घालून ते दिवसेंदिवस उतरवलं जातं. प्रत्येक घराण्याची कृती वेगळी आणि ती बाहेर सांगायची नाही असा रिवाज. लावल्यावरची पहिली पंधरा मिनिटं सोपी नसतात. काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्यावर अंगावर येतो तसला कडवट, दाट, तपकिरी वास. तेवढ्यावर हात धुऊन टाकावा असं वाटतं. पण थांबलं की तो सुटायला लागतो. आधी वेलची आणि लवंग ओळखू येतात, मग जायफळ, मग केशराची चमक, आणि खाली कुठेतरी ओलसर, जंगली असं काहीतरी, ज्याचं नाव सापडत नाही पण जे आपल्या घरातलं आहे एवढं कळतं.

ते नाव मला शेजारच्या काकूंनी मिळवून दिलं. जिन्यात भेटल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, “अगं, सकाळी सकाळी मसाला भाजलास का?” गोडा मसाला! कन्नौजचे लोक ज्याला चरीला म्हणतात आणि शमामात घालतात, ते आपलं दगडफूल. दिसायला वाळक्या पानासारखं, पण वनस्पती नव्हे: बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र थाटलेला संसार. ते गरम तेलात पडलं की सगळ्या स्वयंपाकघराचा सूर बदलतो. शमामात दगडफुलाच्या जोडीला नागरमोथा असतो, जटामांसी असते, कपूरकाचरी असते. दिवाळीचं उटणं हातावर घेऊन बघा, तिथेही हीच मंडळी. म्हणजे जे अत्तर मला परकं वाटत होतं, त्याचा निम्मा गोतावळा माझ्या मसाल्याच्या डब्यात आणि उरलेला अभ्यंगाच्या वाटीत बसलेला होता. काकूंनी विचारण्याआधीच मला नरकचतुर्दशीची पहाट आठवून गेली होती, कारण न कळता. वासाचा निरोप मेंदूत इतर संवेदनांसारखा मधल्या ठाण्यावर थांबून जात नाही. भावना आणि आठवणी जिथे घडतात त्या भागांशी त्याची वाट सरळ जोडलेली असते. म्हणून आठवण आधी येते आणि नाव मागून.

या निमित्ताने जुन्या ग्रंथांकडे वळले आणि थक्क झाले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यं जुळवण्यावर एक आख्खा अध्याय आहे, ‘गंधयुक्ती’. त्यात सोळा द्रव्यांची एक यादी येते: नागरमोथा, वाळा, शैलेय म्हणजे दगडफूल, अगरू, नख, तगर, दवणा, धने, कापूर, चंदन अशी. यातली चार-चार निवडली तर 1820 प्रकार होतात, हे तो मोजून सांगतो. निवडलेल्या चारांची प्रमाणं बदलत गेलं की या प्रत्येकाचे 96 होतात, म्हणजे एकूण 1,74,720 सुगंध. गणिताचे अभ्यासक या श्लोकांकडे मोजणीच्या शास्त्रातला टप्पा म्हणून बघतात. मला त्या यादीत दुसरंच दिसलं. नागकेसर सोडलं तर त्यात फूल शोधावं लागतं. मुळं, साली, राळ, लाकूड, बिया, कातळावरचं दगडफूल. आपल्या पूर्वजांचं सुगंधी अंग मुख्यतः फुलांच्या खालच्या जगातून आलेलं होतं.

आणि मराठीतही हे लिहिलं गेलं आहे! गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि कुणा अज्ञाताचा ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्रावरचे दोन संस्कृत ग्रंथ. त्यांच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी. 1989 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ते छापूनही आले. त्यातल्या ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका आहे. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी मराठी माणूस हातात द्रव्यं घेऊन बसला होता आणि काय कसं करायचं ते आपल्या भाषेत समजावत होता. ज्ञानाच्या या शाखेला मराठीत केवढी जागा होती आणि आज आपल्याला त्याचा पत्ता नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

वराहमिहिराच्या यादीतलं नख आजही मिळतं. समुद्री शंखात राहणाऱ्या जिवाच्या दाराशी जी टणक झाकणी असते, ती भाजून, तिचा धूर निववून चोया नख हे तेल काढतात. नुसतं लावायची ही वस्तू नव्हे. धूर, खारं पाणी, किंचित जळलेले केस असं काहीतरी. पण थेंबाचाही अंश चंदनात गेला की सगळ्याला खोली येते. मी ते एकटं लावून एक सकाळ काढली आहे. दुपारी मनगटावर उरला होता तो किनाऱ्यावर विझत आलेल्या शेकोटीचा वास, आणि तो सुंदर होता.

अगरूची गोष्ट याहून खोल आहे. बाजारात त्याला ऊद म्हणतात. आसामात होणारं हे झाड निरोगी असेल तर त्याच्या लाकडाला काही वास नसतो. फिकट, हलकं लाकूड. खोडात किडा शिरतो, त्यामागून बुरशी पसरते, आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी आत काळी राळ तयार करतं. त्या राळेने भरलेल्या लाकडाला सगळी किंमत. ते तुकडे भिजत ठेवून, आंबवून उतरवलेलं तेल पहिल्यांदा हातावर आलं तेव्हा मला गोठा आठवला, अगदी स्वच्छ, नेमका: शेण, पेंढा, जनावराची ऊब. अनेकांना तिथेच नको होतं. मला नाही झालं. आजोळच्या गोठ्यात मी पहाटे धार काढताना बसलेली आहे. तासाभराने त्यातून मध निघाला, मग चामडं, मग जुन्या लाकडी पेटीचा आतला वास. रात्री झोपतानाही ते हातावर होतं. या वासापायी इतकी झाडं पडली की 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आहे. कोणतं झाड आतून काळं झालंय हे बाहेरून सहज कळत नाही, म्हणून निरोगी झाडंही तोडली जातात. लागवडीचं अगरू वाढतं आहे ही म्हणूनच आनंदाची गोष्ट.

खरी काळजी चंदनाची. वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक अत्तराचा पाया चंदनाचं तेल हाच. चंदनाचे रेणू जड, सावकाश उडणारे, म्हणून ते दुसऱ्याचा गंध धरून ठेवतात. पण हे तेल इतकं महाग झालं की आता पुष्कळ ठिकाणी भपक्यात लिक्विड पॅराफिन किंवा तसलंच कृत्रिम द्रव्य असतं. गुलाब त्यावर कसाबसा निभतो, मिट्टी निभत नाही. पॅराफिनवर उतरवलेली मिट्टी मी लावून पाहिली आहे: पहिला वास छान येतो आणि त्याच्या मागे कोणीच येत नाही. मातीला उभं राहायला चंदन लागतं. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तामिळनाडूने त्यानंतर कायदे बदलले, तेव्हापासून शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत चंदन स्वतःच्या मालकीने वाढवता येतं. पण गाभ्यात तेल भरायला झाडाला पंधरा-वीस वर्षं द्यावी लागतात.

तोवर घेणाऱ्याने एवढं करावं. दुकानात गेल्यावर आधार कशाचा आहे ते स्पष्ट विचारावं. चांगला दुकानदार सांगतो. दोनच अत्तरं, एकेका हातावर एक, लावून घ्यावीत, कारण तिसऱ्याला नाक दमलेलं असतं. मग काही न घेता बाहेर पडावं, आपली कामं उरकावीत, आणि दुपारच्या जेवणानंतर दोन्ही हात पुन्हा हुंगावेत. जे तेव्हाही बोलत असेल ते घ्यावं. शमामा असेल तर आणखी थांबावं. त्याचं सगळ्यात चांगलं मी नेहमी दुसऱ्या दिवशी अनुभवलं आहे, आदल्या दिवशीच्या ब्लाउजच्या बाहीवर.