दिलेला शब्द आणि वाढलेली किंमत

गृहस्थाच्या सत्यनिष्ठेची खरी परीक्षा देवघरात क्वचितच होते. ती होते देवघेवीत. त्यातही राहते घर विकण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच येतो. रक्कम मोठी असते, आणि एकाच घरावर तीनचार गिऱ्हाइके आली म्हणजे मनाचा तोल राखणे कठीण जाते. अनेक मागण्या येणे हा विक्रेत्याचा दोष नव्हे, आणि त्यांतून चांगली मागणी निवडणे हा लोभही नव्हे. मग लोभाचा आरंभ नेमका कोठे होतो?

एका गृहस्थाचे उदाहरण घ्यावे. डोक्यावर कर्ज, मुलीचे लग्न तोंडावर. म्हणून त्याने घर विकावयास काढले. तिघांनी मागणी केली. पुरता विचार करून त्याने एकास सांगितले, "घर तुम्हांला दिले." विसार व्हावयाचा होता, साठेखत व्हावयाचे होते. त्याच सायंकाळी चौथा आला आणि त्याने दोन लाख रुपये अधिक देऊ केले. दलाल म्हणाला, "अजून कागद कोठे झाला आहे?"

दलालाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणे १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. तोंडी शब्दाने मालकी बदलत नाही, आणि तसा शब्द न्यायालयात सिद्ध करणेही सोपे नसते. परंतु घर अद्याप आपले आहे, एवढ्यावरून शब्दही आपलाच राहिला असे ठरत नाही. उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्याचा होतो. त्याच्या भरवशावर तो माणूस दुसरे घर सोडून देतो, ठेव मोडतो, घरी जाऊन मुलाबाळांना सांगतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. कुटुंबाचे हित पाहणे हा गृहस्थाचा धर्मच आहे. दोन लाखांनी मुलीचे लग्न निर्विघ्न पार पडेल, मग ते नाकारणे हा कर्तव्यलोप नव्हे काय? याचे उत्तर असे की, ते कर्तव्य शब्द देण्यापूर्वीचे होते. तेव्हा चार दिवस थांबावे, प्रत्येकाला अखेरची रक्कम विचारावी, कोणाची ऐपत खरी आणि कोणाची केवळ बोलण्याची हे पारखावे. शब्द दिल्यावर मात्र कुटुंबाच्या हिताची किंमत दुसऱ्याच्या कुटुंबाकडून वसूल करता येत नाही. खरोखरच संकट कोसळले, तर त्या माणसाकडे जाऊन सर्व उघड सांगावे आणि शब्दातून मोकळे करण्याची विनंती करावी. त्याने नकार दिला, तर शब्द पाळावा.

शब्द देण्यापूर्वीही सत्य सुटता कामा नये. नसलेले गिऱ्हाईक उभे करून "दुसरा एवढे देतो आहे" असे सांगणे ही सरळ चोरी आहे. केवळ ती जिभेने केलेली असते. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी वाराणसीच्या तुलाधार नामक वाण्याकडे धर्म शिकण्यास जातो. त्या वाण्याचे तप एवढेच, की त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. घर विकणाऱ्यानेही हाच तराजू धरावा. एकाला सांगितलेले दुसऱ्याने ऐकले तर मान खाली घालावी लागेल, असे काहीच बोलू नये. भिंतीतील छुपी ओल, घरावरील बोजा सर्वांना सारखाच सांगावा. विक्रेत्यास ठाऊक असलेला, पण घेणाऱ्यास साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन त्याच कायद्याचे ५५ वे कलमही घालते. ज्यांना नाही म्हणावयाचे, त्यांना वेळीच नाही म्हणावे; निर्णय होण्यापूर्वी कोणाची रक्कम हाती घेतली असेल, तर ती न मागता परत करावी.

दोन लाख सोडल्याने ते दुसऱ्या वाटेने परत येतील, असे आश्वासन कोणी देऊ नये. कदाचित लग्न साधेपणाने करावे लागेल, कर्ज आणखी काही वर्षे फेडावे लागेल. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे भासते, असे गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे; तो कडूपणा खराच असतो. परंतु घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देताना ज्याला त्याच्या डोळ्यांकडे पाहता येते, तो त्या घरातून रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही.