जागणारा

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याकडे अजूनही शिडाच्या होड्या सुटतात. गेल्या डिसेंबरात आम्ही नागपूरचे चौघे मित्र अशाच एका होडीत बसलो. अंबाझरी-फुटाळ्याच्या काठी वाढलेल्या आम्हाला, शिडात वारा भरताना बसणारा तो हिसका नवा होता. सुकाणू धरलेल्या तांडेलाला मी सहज विचारलं, "किल्ला किती वेळात येईल?" त्याने मानही वळवली नाही. पायाखाली दोर दाबलेला, नजर शिडाच्या कडेवर. तटाजवळ शीड उतरलं, तेव्हा म्हणाला, "सुकाणू हातात असलं की बोलत नाही, साहेब. एवढी माणसं भरवशावर बसलीत."

मला आदल्या रात्रीची आठवण झाली. समृद्धी महामार्गावर आमच्यातला एकटा गाडी चालवत होता आणि आम्ही तिघे गाढ झोपलो होतो. मी तर त्याच्या शेजारच्या सीटवर. पहाटे चहाला थांबलो. कप धरलेला त्याचा हात थरथरत होता. "दोन वेळा डोळा लागला होता ना बे माझा," तो म्हणाला. "तुम्हाले उठवावं वाटलं नाही."

त्याच्या या भिडेपेक्षा आमची झोप मला जास्त सलली. दिवसभराचं काम करून तो निघाला होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

यावरून मला एक समुद्रप्रवास आठवतो. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलातल्या सहा स्त्री अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. प्रमुख होत्या वर्तिका जोशी. एवढ्याशा नौकेत, आठ महिने, पाळ्या लावूनच झोपायचं. दुसरीचा डोळा उघडा आहे म्हणून आपला मिटायचा. मैत्रीची याहून कठीण परीक्षा मला सुचत नाही. त्यांना घडवणारे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. एकट्याला पाळी बदलून द्यायला कुणी नसतं, तो तुकड्यातुकड्यांनीच झोपतो. आमच्या मित्राजवळ तर तिघे होते, आणि तरी तो त्या रात्री एकटाच होता.

नागपूरहून पुण्याला निघालेली बस १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ माणसं गेली. त्यातली बरीचशी झोपेत होती.

७०१ किलोमीटरचा हा रस्ता आता पूर्ण सुरू झाला आहे. आपल्याकडून कोकण एका रात्रीवर आलं, याचा आनंद मलाही आहे. सुट्ट्यांत मित्रांबरोबर निघाल, तर पाळ्या आधीच ठरवा. दर दोन तासांनी चालवणारा बदला. बदली चालवणारा नसेल, तर रात्री निघूच नका. आणि पुढच्या सीटवर बसाल, तर जागे राहा.